बर्लिनमधले पहिले दहा दिवस: नव्या विद्यार्थ्यासाठी

बर्लिनच्या मोठ्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं. तास मात्र त्या महिन्याच्या मध्यावर सुरू होतात. मधले दोन आठवडे मोलाचे असतात. त्यात दोन कामं उरकायची असतात: कागद आणि शहर. ‘आधी कागद, मग भटकंती’ असं ठरवणारे महिनाभर रांगेतच अडकतात. ‘आधी भटकंती’ म्हणणाऱ्यांचं घोडं पुढे बँकेत अडतं. बर्लिनमध्ये ही दोन्ही कामं एकत्र करता येतात, आणि तशीच करावीत. कशी, ते क्रमाने सांगतो.

विमानतळावरून खोलीपर्यंत

बर्लिनमध्ये प्रवासभाड्याचे तीन झोन आहेत. ‘ए’ म्हणजे रिंगबान या गोलाकार रेल्वेमार्गाच्या आतला भाग, ‘बी’ म्हणजे तिथून शहराच्या हद्दीपर्यंतचा, आणि ‘सी’ म्हणजे हद्दीबाहेरचा पट्टा. विमानतळ ‘सी’मध्ये येतो. त्यामुळे पहिलं तिकीट ‘एबीसी’चंच काढा. स्वस्त दिसतं म्हणून ‘एबी’ काढलं तर पहिल्याच तासात ६० युरोंचा भुर्दंड बसू शकतो. ‘मी आजच आलो’ हे कारण तपासनीस ऐकत नाहीत.

स्टेशनवर फाटक नसतं, कुणी अडवतही नाही. म्हणून प्रवास फुकट आहे असा समज होतो, पण साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात चढतात. यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या लहान पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. बस आणि ट्रामची पेटी गाडीच्या आत असते. शिक्का नसलेलं तिकीट हे तिकीट नसल्यासारखंच. पैसे भरूनही दंड होतो तो बहुधा इथेच. अ‍ॅपवर तिकीट घेतलं तर शिक्क्याची गरज नाही, पण ते गाडीत चढण्याआधी घ्या. तपासनीस दिसल्यावर घाईने काढलेलं तिकीट धरलं जात नाही.

‘एबी’चं एकेरी तिकीट १२० मिनिटं चालतं. गाड्या कितीही बदला, पण दिशा एकच हवी. त्याच तिकिटावर परत येता येत नाही आणि गोल फेरीही मारता येत नाही. जवळ जायचं असेल तर ‘कुर्त्सश्ट्रेके’ नावाचं स्वस्त तिकीट आहे: एस-बान (शहरी रेल्वे) किंवा यू-बानची (भुयारी रेल्वे) तीन स्थानकं, नाहीतर बस-ट्रामचे सहा थांबे.

विद्यार्थी म्हणून विद्यापीठ सेमिस्टर तिकीट देत असेल, तर ते सत्राच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं. २० सप्टेंबरला उतरलात तर १ ऑक्टोबरपर्यंतची सोय तुमची तुम्हालाच करायची आहे. काही खासगी विद्यापीठांत हे तिकीट मिळतच नाही, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्या. सेमिस्टर तिकीट नसेल तर डॉइचलांडटिकेट घ्या. जानेवारी २०२६पासून त्याचे महिन्याला ६३ युरो पडतात. त्यावर देशभरच्या शहरी आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. ही वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

दारावरचं नाव

खोलीत सामान टाकल्यावर झोपण्याआधी करायचं काम एकच: बेलच्या पट्टीवर आणि टपालपेटीवर आपलं आडनाव लावणं. जर्मनीत फ्लॅटला सहसा क्रमांक नसतो. टपालवाला नाव पाहून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं, आणि तुम्हाला ते आल्याचा पत्ताही लागत नाही. बँक कार्डाचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं टपालाने येतं. कागदाची चिठ्ठी चिकटपट्टीने लावली तरी चालेल. दुसऱ्याच्या घरात एक खोली घेतली असेल तर पत्त्यात घरमालकाच्या नावाआधी ‘केअर ऑफ’ लिहायला सांगा.

नावाची आणखी एक भानगड आपल्याकडच्या मुलामुलींना नडते. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचंही नाव असतं. विद्यापीठ, विमा, बँक, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं झालं की दोन वेगळी माणसं आहेत अशी शंका घेतली जाते. बेलवर मात्र आडनाव पुरे.

जुन्या इमारतींमध्ये रस्त्यालगतचा भाग ‘फोर्डरहाउस’, अंगणापलीकडचा ‘हिंटरहाउस’ आणि दोन्हींना जोडणारी बाजू ‘झायटनफ्ल्युगेल’. आपण कुठल्या भागात राहतो ते पहिल्याच दिवशी पाठ करा, नाहीतर पार्सलवाला पुढच्या जिन्यावरून परत जाईल.

आणि किल्ली. बहुतेक घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं की बंद, आणि किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. किल्लीवाल्याला रात्री किंवा रविवारी बोलावलं तर शेकडो युरो जातात. कचरा टाकायला दोन मिनिटं खाली जातानाही किल्ली खिशात हवी.

आनमेल्डुंग: जितकं लांब, तितकं बरं

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात होते. तीन गोष्टी लागतात: पासपोर्ट, भरलेला अर्ज, आणि ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ म्हणजे घर देणाऱ्याने सही केलेलं प्रमाणपत्र. भाडेकरार दाखवून भागत नाही, हे प्रमाणपत्रच लागतं. म्हणून खोली ठरवतानाच विचारा: ‘इथे आनमेल्डुंग होईल का?’ उत्तर टाळाटाळीचं असेल तर ती खोली फार दिवसांसाठी घेऊ नका. खोली न दाखवता आगाऊ अनामत मागणाऱ्यापासून तर दूरच राहा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. नोंदणीकृत चर्चच्या सभासदांकडून प्राप्तिकराच्या ९ टक्के चर्चकर बर्लिनमध्ये घेतला जातो, त्यासाठी तो आहे. तुमचा त्या चर्चशी संबंध नसेल तर तिथे विचार न करता काही लिहू नका.

आता भेटीची वेळ. शहराच्या संकेतस्थळावर ती घेताना बहुतेक जण आपल्याच भागातलं कार्यालय निवडतात आणि तारीख नाही म्हणून कपाळाला हात लावतात. बर्लिनमध्ये एकूण १२ जिल्हे आहेत आणि नोंदणी त्यांपैकी कुठल्याही जिल्ह्याच्या कार्यालयात करता येते. शोधताना ‘संपूर्ण बर्लिन’ निवडा. रद्द झालेल्या वेळा दिवसभर परत दिसू लागतात, तेव्हा सकाळी आणि मग अधूनमधून पान ताजं करून पाहा. नाहीच जमलं तर ११५ या क्रमांकावर फोन करता येतो. नोंदणी फुकट आहे. वेळ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. १४ दिवसांनंतरची तारीख मिळाली तर ती मुदतीच्या आत घेतल्याचा पुरावा जपा.

कागद आणि शहर इथे एकत्र येतात. लांबची वेळ मिळाली तर वैतागू नका, खूश व्हा. श्पांडाऊ मिळालं तर काम झाल्यावर तिथला जुना किल्ला, सिटाडेल, पाहा. क्योपेनिक मिळालं तर श्प्रे आणि डामं या नद्यांच्या संगमावरचं जुनं गाव पायी फिरा. पांको मिळालं तर ट्रामने परत या. पर्यटक म्हणून ज्या बर्लिनमध्ये तुम्ही कधीच गेला नसता ते कागदाच्या निमित्ताने दिसतं, आणि शहर किती पसरलंय याचा अंदाज येतो.

कार्यालयात मिळणारा शिक्क्याचा कागद फाडू नका, घडी घालून कोंबू नका. त्याची चांगली प्रत काढून ठेवा, बँकेपासून निवास परवान्यापर्यंत सगळीकडे तो मागतात. दोनतीन आठवड्यांत करक्रमांकाचं पत्र येईल. तेही सांभाळा, अर्धवेळ काम करताना लागेल. आणखी एक पत्र रेडिओ-टीव्ही शुल्काचं येतं: महिन्याला १८.३६ युरो. ती फसवणूक समजून फेकू नका. हे शुल्क माणसामागे नसून घरामागे आहे, तेव्हा चौघं एकत्र राहत असाल तर एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा शुल्कक्रमांक कळवायचा.

पोटापाण्याचं

रविवारी दुकानं बंद असतात. ही गोष्ट सगळे सांगतात आणि तरीही पहिल्या रविवारी निम्मे जण उपाशी राहतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. हिवाळी सत्राला येणाऱ्यांसाठी दुसरा खड्डा ३ ऑक्टोबरचा: जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी, दुकानं बंद. तो शनिवारी किंवा सोमवारी आला की रविवार धरून सलग दोन बंद दिवस होतात. अडलंच तर मुख्य रेल्वे स्थानकातली किराणा दुकानं रविवारीही उघडी असतात, आणि कोपऱ्यावरच्या ‘श्पेटी’त, म्हणजे उशिरापर्यंत उघड्या छोट्या दुकानात, पाणी, बिस्किटं, नूडल्स मिळतात, अर्थात महाग.

लिडल, आल्डी, पेनी, नेटो ही स्वस्त दुकानं. रेवे आणि एडेका थोडी महाग, पण माल अधिक. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूर, चणे तुर्की दुकानांत सहज मिळतात. मंगळवारी आणि शुक्रवारी नॉयक्योल्नमध्ये कालव्याकाठी माइबाखउफरला तुर्की बाजार भरतो. बाजार उठायच्या वेळी भाजीचे भाव उतरतात. तिथे रोख पैसे न्या. एकूणच खिशात ३०-४० युरो रोख असू द्या, कारण छोट्या हॉटेलांत ‘फक्त रोख’ अशी पाटी अजूनही दिसते.

नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे. चुन्याचं प्रमाण जास्त असल्याने किटलीत पांढरा थर बसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाटली विकत घेतलीत तर तिच्यावर ‘फांड’ म्हणजे अनामत असते: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट. न चुरगळता, लेबल शाबूत ठेवून दुकानातल्या यंत्रात घाला आणि मिळालेली चिठ्ठी त्याच दुकानात वटवा.

विद्यापीठाच्या खानावळीला ‘मेन्झा’ म्हणतात. शाकाहारी असाल तर तांत्रिक विद्यापीठाजवळ हार्डेनबर्गश्ट्रासेवर फक्त शाकाहारी मेन्झा आहे. फ्राय विद्यापीठाचीही एक आहे.

पॅरासिटामॉल किराणा दुकानात किंवा डीएम-रॉसमन या साबण-प्रसाधनांच्या दुकानांत मिळत नाही. लाल ‘ए’ची पाटी असलेल्या आपोटेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळते. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जिवावर बेतलेलं नाही, तर ११६११७. रुग्णवाहिका आणि आग ११२, पोलीस ११०.

शहर जमिनीवरून शिका

नवा माणूस यू-बानमध्ये उतरतो, अंधारातून जातो, दुसरीकडे वर येतो. अशाने त्याच्या डोक्यात शहर म्हणजे वेगवेगळी बेटं होतात. पहिल्या आठवड्यात शक्यतो जमिनीवरूनच प्रवास करा, वेळ थोडा जास्त लागला तरी.

पहिली फेरी रिंगबानची. मार्ग ३७ किलोमीटरचा, स्थानकं २७, आणि पूर्ण वर्तुळाला साधारण एक तास. एस ४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, एस ४२ उलट. हे एवढं लक्षात ठेवलं की फलाट चुकत नाही. उत्तरेला गेझुंडब्रुनेन, पूर्वेला ओस्टक्रॉइत्स, दक्षिणेला झ्युडक्रॉइत्स, पश्चिमेला वेस्टक्रॉइत्स, हे चार कोपरे ओळखीचे झाले की पुढे कुणीही कुठलाही पत्ता सांगो, तो वर्तुळाच्या कुठल्या बाजूला आहे हे कळतं. वर सांगितल्याप्रमाणे एकेरी तिकिटावर ही फेरी चालणार नाही, २४ तासांचं किंवा मासिक तिकीट हवं. १९६१ साली पूर्व आणि पश्चिम बर्लिनमध्ये भिंत बांधली गेली तेव्हा हे वर्तुळ तुटलं, ते पुन्हा पूर्ण जुळायला २००२ साल उजाडलं.

दुसरी फेरी १०० क्रमांकाच्या बसची, झोलोगिशर गार्टनपासून आलेक्झांडरप्लात्सपर्यंत. दुमजली गाडी आली तर वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढे बसा. विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा बेलव्ह्यू प्रासाद, राइशटाग म्हणजे संसदेची इमारत, उंटर डेन लिंडेन हा रस्ता, सगळं एका साध्या तिकिटात दिसतं. पूर्व आणि पश्चिम बर्लिनला जोडणारी ही बस १९९०मध्ये सुरू झाली. मोर्चे आणि मॅरेथॉनच्या दिवशी तिचा मार्ग बदलतो, म्हणून आधी अ‍ॅपवर बघून घ्या.

तिसरी फेरी पायी, आणि तिला अर्धा दिवस द्या. आलेक्झांडरप्लात्सच्या जागतिक घड्याळापासून निघा. शेजारचा ३६८ मीटर उंच टीव्ही मनोरा शहरात कुठूनही दिसतो. तो तुमचा ध्रुवतारा. तिथून पश्चिमेकडे हुंबोल्ट विद्यापीठासमोरच्या बेबेलप्लात्सवर थांबा. १० मे १९३३ रोजी इथे नाझींनी पुस्तकं जाळली. चौकाच्या मधोमध फरशीत काच बसवली आहे, खाली रिकामी पांढरी कपाटं दिसतात. दिवसा काचेवर उजेड पडतो, म्हणून अंधार पडताना पाहिलं तर जास्त स्पष्ट दिसतं. पुढे ब्रांडेनबुर्ग दरवाजा. तो ओलांडल्यावर खाली बघा: डांबरात दगडांची दुहेरी ओळ जाते. भिंत इथून गेली होती. ही ओळ शहराच्या मध्यभागात पुष्कळ ठिकाणी दिसते आणि एकदा डोळ्यांना सवय झाली की आपण पूर्वेत आहोत की पश्चिमेत हे तुम्ही न विचारता ओळखाल. दुसरी खूण ट्रामच्या रुळांची. पश्चिम बर्लिनने १९६७मध्ये शेवटची ट्राम बंद केली, पूर्वेने चालू ठेवली. आजही बहुतेक ट्राम पूर्वेकडेच धावतात. तुमची खोली पूर्वेला आहे की पश्चिमेला, यावर रोजचा प्रवास ट्रामने की यू-बानने हे ठरतं, ते यामुळे.

दरवाजाच्या दक्षिणेला २७११ काँक्रीट खांबांचं, मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. त्यावर चढून फोटो काढू नका. फुटपाथवर जिथेतिथे दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील. त्यांवर नाझींनी त्या घरातून नेलेल्या माणसांची नावं असतात. वाकून एखादं वाचा.

राइशटागच्या काचेच्या घुमटात प्रवेश फुकट आहे, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि पासपोर्ट न्यावा लागतो. बेर्नाउअर श्ट्रासेवरचं भिंतीचं स्मारक, फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाजवळचा ‘ट्रेनेनपालास्ट’ म्हणजे अश्रूमहाल (पूर्व-पश्चिम सीमेवरची जुनी तपासणी इमारत), आणि टोपोग्राफी डेस टेरॉर्स हे नाझी दहशतीवरचं प्रदर्शन, तिन्ही ठिकाणी तिकीट नाही. तिघांपैकी एकच जमणार असेल तर बेर्नाउअर श्ट्रासेला जा. तिथे भिंत, तिच्यामागचा मोकळा पट्टा आणि पहाऱ्याचा मनोरा यांची रचना जागेवर समजते.

वेळ उरला तर यू ३ने ‘फ्राय उनिव्हर्सिटेट’ स्थानकावर उतरून ईनेश्ट्रासे २२पर्यंत चालत जा. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या इमारतीत मानववंशशास्त्राची संस्था होती, आणि इरावती कर्वे तिथे संशोधन करत होत्या. कवटीच्या रचनेत वंशानुसार श्रेष्ठ-कनिष्ठ असा फरक असतो, हे त्यांच्या मार्गदर्शकाचं गृहीतक त्यांच्या मोजमापांत टिकलं नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. मराठी विद्यार्थ्याने पाहावी अशी ती जागा आहे.

पाय थकले की टेंपलहोफर फेल्डवर जा. २००८मध्ये बंद झालेला हा विमानतळ २०१०पासून लोकांना फिरायला खुला आहे, धावपट्टीवर सायकली चालतात. सूर्यास्ताला फाटकं बंद होतात, त्याची वेळ फाटकावर लिहिलेली असते.

चालताना होणाऱ्या चुका

घर शोधताना क्रमांक एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम असतील असं धरू नका. जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने शेवटपर्यंत वाढत जातात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात. १५ समोर २१० असू शकतो. कुरफ्युर्स्टेनडाम तर ११पासूनच सुरू होतो. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या टप्प्यातले क्रमांक लहान अक्षरांत असतात, ते आधी वाचा. एकाच नावाचे अनेक रस्तेही आहेत. बर्लिनर श्ट्रासे, हाउप्टश्ट्रासे अशी नावं नकाशात टाकताना पाच आकडी पिनकोड नक्की टाका.

फुटपाथवरचा लाल पट्टा सायकलवाल्यांचा. त्यावर उभं राहून फोन बघू नका, सायकली वेगाने येतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची. पादचाऱ्यांसाठी लाल दिवा असताना रस्ता मोकळा असला तरी थांबा. दंड ५ युरोच आहे, पण शेजारी लहान मूल असेल तर लोक तुम्हाला सुनावल्याशिवाय राहत नाहीत.

शुक्रवारी आणि शनिवारी यू-बान रात्रभर चालते. इतर रात्री मध्यरात्रीनंतर ती थांबते आणि त्याच क्रमांकाची ‘एन’ बस वरून धावते: यू ८ऐवजी एन ८. रुळांची कामं वारंवार निघतात. फलाटावर ‘एसईव्ही’ ही अक्षरं दिसली तर गाडीऐवजी बस आहे असं समजा आणि अर्धा तास जास्त धरा. परीक्षेच्या किंवा कार्यालयातल्या भेटीच्या दिवशी निघण्याआधी अ‍ॅप बघाच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावणेसातच्या सुमारास मावळणारा सूर्य डिसेंबरात चारच्याही आधी जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, भिंतीवरचं नाही. त्या दिवसापासून भारताशी वेळेचा फरक साडेतीन तासांऐवजी साडेचार तासांचा होतो, तेव्हा घरच्यांशी बोलायची वेळ आधीच ठरवून घ्या. दहाव्या दिवसापर्यंत व्हिसा संपण्याची तारीखही फोनमध्ये टाकून ठेवा, आणि तिच्या दोन महिने आधीची आठवण लावा. निवास परवान्याचा अर्ज त्या तारखेच्या आत जायला हवा, आणि त्याला लागणारे कागद, म्हणजे नोंदणीचा दाखला, विम्याचं पत्र, ब्लॉक्ड खात्याचा (व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेल्या खात्याचा) तपशील, आत्ताच एका फाइलमध्ये लावले तर तेव्हा शोधाशोध होत नाही.